घुमानची वाट आणि जमिनीचा वांटा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं नामदेवांचे अभंग म्हटले जातात. नामदेव जातीनें शिंपी. त्यांचा उतारवयाचा काळ पंजाबांत, गुरदासपूर जिल्ह्यांतल्या घुमान नांवाच्या खेड्यांत गेला, अशी तिकडील लोकांची परंपरा आहे. पंढरपूरकर आपली पायरी दाखवितात. तो वाद आज नको. शिखांच्या ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं 61 पदें आहेत, आणि 2015 सालीं 88 वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानांत भरलें. इकडून आगगाड्या भरून माणसें गेलीं, माथा टेकून व भाषणें ऐकून परत आलीं. पण त्या मुलुखांतला माणूस काय पिकवितो, कोणाच्या जमिनींत राबतो, याची हकीकत माझ्या कानावर फारशी आली नाहीं. म्हणून आज तीच सांगतों.

नकाशा डोळ्यांपुढें आणा. एका अंगाला रावी, दुसऱ्या अंगाला बियास, आणि मध्यें सपाट जमीन. दोन नद्यांमधल्या अशा प्रदेशाला तिकडे दुआब म्हणतात. हा बारी दुआब. बियासचा 'बा' आणि रावीचा 'री'. उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या लागतात. तो पठाणकोटचा मुलूख 2011 सालीं वेगळा जिल्हा झाला. नदीकांठच्या सखल जमिनीला बेट म्हणतात. आपण बेट म्हणजे चहूंकडून पाणी असें समजतों, तसें नव्हे. पूर आला कीं बुडणारी आणि ओसरला कीं गाळानें भरणारी ही जमीन. गहूं, भात व ऊंस हीं मुख्य पिकें. आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्यास तो हिरवा मुलूख पाहून हेवा वाटावा. पण नदी देते तशी नेतेहि. 2025 च्या ऑगस्टांत रावी अशी फुगली कीं माधोपूरच्या बंधाऱ्याचे दरवाजे मोडून पडले, आणि कांठच्या शेतांत उभ्या पिकावर गाळ व वाळू बसली.

हें माधोपूर लक्षांत ठेवा. इंग्रजांनीं 1849 सालीं पंजाब घेतला, शिखांचें सैन्य मोडलें, आणि हजारों शिपाई रिकामे झाले. रिकामा शिपाई कोणत्याहि सरकारला जड जातो. त्याला पुन्हा नांगराशीं जुंपावा, हाहि एक हेतु धरून माधोपूराहून रावीचा कालवा काढला, व 1859 सालीं त्याला पाणी सुटलें. गुरदासपुरांतून अमृतसर व लाहोरकडे तें पाणी जाई. 1947 सालीं फाळणी झाली तेव्हां जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकीं रावीपलीकडची शकरगढ पाकिस्तानांत गेली, तीन इकडे राहिल्या. पुढल्याच वर्षीं, 1 एप्रिल 1948 ला, सरहद्दीपलीकडे जाणारें पाणी इकडून बंद करण्यांत आलें, आणि दोन राज्यांचें भांडण थेट कुणब्याच्या पाटापर्यंत पोंचलें. गुरु नानकांनीं अखेरच्या वर्षांत ज्या करतारपुरांत शेती केली तें रावीपलीकडे राहिलें. डेरा बाबा नानकहून लोक वर्षानुवर्षें दुरूनच हात जोडीत. 2019 च्या नोव्हेंबरांत यात्रेकरूंना तेथें जाण्याचा मार्ग उघडला, आणि 2025 च्या मे महिन्यांत भारताच्या बाजूनें तो बंद करण्यांत आला.

आतां कारागिरांकडे वळूं. जिल्ह्यांतलें मोठें शहर बटाला. ओतीव लोखंडाचें काम ही त्याची ओळख. वैरण कापण्याचीं यंत्रें व कांतकामाचे लेथ तेथें तयार होत व दूरदूर जात. तिकडे सुताराला तरखान म्हणतात. अठराव्या शतकांत जस्सासिंग रामगढिया हा एका तरखानाचा मुलगा तलवारीच्या जोरावर सरदार झाला आणि बटाला त्याच्या ताब्यांत होतें. आज शीख सुतार स्वतःला रामगढिया म्हणवितात ते त्याच्याच नांवावरून. घुमानच्या नामदेवस्थानावर इमारत त्यानेंच चढविली असें सांगतात. शिंप्याच्या स्थानावर सुतारानें बांधकाम केलें! आपल्याकडे कोणी असें केलें असतें तर आधीं किती पंचायती बसल्या असत्या, त्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, तर मग तिकडे कारागिराचें राज्य आहे. थांबा. आपल्याकडे जसें बलुतें तशी तिकडे सेपी. सुतार, लोहार, चांभार, झाडूवाला यांनीं वर्षभर जमीनवाल्याचें काम करावें आणि हंगामाला खळ्यावर धान्य घ्यावें. या सर्वांना मिळून एक नांव, कम्मी. शब्दाचा अर्थ काम करणारा एवढाच. पण जमीनवाल्याच्या तोंडून निघतांना तो 'हलका' असाच निघतो.

1875 सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, आणि 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, हें तुम्हांस माहीत आहे. पंजाबांतहि जमीन सावकाराच्या घशांत चाललेली पाहून सरकारनें 1900 सालीं जमीन हस्तांतराचा कायदा केला. शेतकरी जातीच्या माणसाची जमीन त्या जातींबाहेर कायमची जाऊं नये, हें त्याचें सूत्र. हेतु चांगला होता, आणि मी तो चांगलाच म्हणतों. पण शेतकरी कोण, हें नांगर पाहून ठरलें नाहीं. जातीची यादी पाहून ठरलें. जाट, रजपूत, आराईं, गुजर यादींत आले. सावकार वगळला गेला, आणि त्याच्याबरोबर तरखान, लोहार, चांभार, चूहडा हेहि वगळले गेले. सावकारासाठीं लावलेल्या कवाडांत कारागिराचा हात सांपडला. सावकारानें तर वाट काढली. शेतकरी जातीच्या माणसाचें नांव पुढें करून जमिनी घेतल्या. शिवाय जाटांमध्येंच नवे सावकार निपजले. ज्याच्याजवळ वाट काढण्यापुरता पैसा नव्हता तो मात्र बाहेरच राहिला.

घटना आल्यावर 1951 सालीं तो कायदा गेला. पण 50 वर्षांत ज्याच्या नांवें जमीन बसली त्याच्याच नांवें ती राहिली. 2011 च्या शिरगणतींत पंजाबांत दर 100 माणसांत सुमारें 32 अनुसूचित जातींचीं आढळलीं. इतकें प्रमाण दुसऱ्या कोणत्याहि राज्यांत नाहीं. लागवडीच्या जमिनींत त्यांचा वांटा शेकडा 4 हि भरत नाहीं.

गांवच्या सामाईक जमिनीला तिकडे शामलात म्हणतात. ती पंचायतीकडून लिलावानें खंडानें दिली जाते. 1961 सालच्या कायद्याखालील नियमांप्रमाणें त्यांतला तिसरा हिस्सा अनुसूचित जातींसाठीं राखून ठेवायचा असतो. कागद उत्तम आहे! पण कित्येक गांवीं जमीनवाला आपल्याच गड्याला बोलीस उभा करतो. सही गड्याची, पीक धन्याचें. गुरदासपुरांत आणखी एक गांठ आहे. या जिल्ह्यांत दर 100 माणसांत 7 हून अधिक ख्रिस्ती आहेत. त्यांतले बहुतेक झाडूवाल्या जातींतून धर्म बदललेल्यांचे वंशज. अनुसूचित जातींच्या यादींत हिंदु, शीख व बौद्ध यांनाच जागा आहे, ख्रिस्ती माणसाला नाहीं. म्हणजे दोन मजूर एकाच चिखलांत भात लावतात, त्यांचे पणजे एकाच वाड्यांतले. पण एकाला तिसऱ्या हिश्श्यासाठीं बोली करतां येते, दुसऱ्याला येत नाहीं.

गुरदासपुरापासून दूर, पंजाबाच्या दक्षिण भागांत संगरूर जिल्हा आहे. तेथील बलद कलां गांवच्या दलित कुटुंबांनीं 2014 सालीं ही खोटी बोली चालूं द्यायची नाहीं असें ठरविलें. लाठ्या खाल्ल्या, आणि मग आपल्या हिश्श्याची जमीन सर्वांनीं मिळून कसली. लहानशा जमिनीनें काय होतें, असें कोणी विचारील. ज्याला जमीन नाहीं त्याच्या घरींहि म्हैस असते. तिच्यासाठीं गवत आणायला बायकांना दुसऱ्याच्या बांधावर जावें लागतें, आणि तेथें शिव्या व त्याहून वाईट ऐकावें लागतें. आतां तेथील कुटुंबांना वैरण आपल्याच तुकड्यांतून मिळूं लागली.

घुमानला जानेवारीच्या मध्यास नामदेवांची मोठी जत्रा भरते. तुमच्यापैकीं जे जातील त्यांनीं दर्शन झाल्यावर पारावर बसून एवढें विचारावें, कीं येथील शामलातीचा तिसरा हिस्सा कोण कसतो. आणि जे जाणार नाहींत त्यांनीं आपल्या गांवच्या गायरानाचा उतारा तलाठ्याकडून काढून आणावा. पुढल्या सभेंत दोन्ही वाचूं.