चार बाजू मोजल्या, पण जागा किती?



चौकोनाचे गुणधर्म आमची मुले घडाघडा म्हणून दाखवतात. आयताचे कर्ण समान, समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात, चौरसात हे दोन्ही गुण. परीक्षेत मार्कही पडतात. पण वडील गुंठाभर जागा पाहायला निघाले, की टेप धरायला गेलेला तोच मुलगा चार बाजू मोजून परत येतो! म्हणून आज मी पालकांशीच अधिक बोलणार आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट. आता समजा, जागेच्या चारही बाजू बरोबर ३३ फूट भरल्या. मग ती गुंठाभर झाली का?

काडेपेटीच्या चार काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून पाहा. चौरस होईल. कोपरा जरा दाबा, तो कलेल. काड्या तेवढ्याच, आतली जागा मात्र कमी झाली. त्रिकोण असा कलत नाही, चौकोन कलतो. आपल्या जागेचा एक कर्ण ४० फूट असेल, तर दुसरा सुमारे ५२॥ फूट भरेल. कर्णांच्या गुणाकाराची निमपट केली की क्षेत्रफळ येते १०५०. म्हणजे ३९ चौरस फूट गेले! एक न्हाणीघर होईल एवढी ही जागा, आणि चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत जमिनीचे भाव काय झाले आहेत ते आपण जाणताच.

ही चूक जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त, कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाच म्हटले आहे, आणि ते सांगणाऱ्यालाही. (आम्हा शिक्षकांनी हे लक्षात ठेवलेले बरे.) त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. पुढे अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली 'लीलावती' फारसीत आणली.

आपला सुतार हे पुस्तकाविना जाणतो. दाराची चौकट ठोकली की तो दोन्ही कर्ण दोरीने ताडून पाहतो आणि चौकट बसेपर्यंत कोपऱ्यात तिरकी पट्टी मारून ठेवतो.

तर पालकहो, चार बाजूंनंतर दोन्ही कर्णही मोजा. गुंठ्याच्या चौरसात प्रत्येक कर्ण ४६ फूट ८ इंच भरला पाहिजे. मात्र नुसते कर्ण समान म्हणून आयत समजू नका. समलंब चौकोनाच्या दोन तिरक्या बाजू सारख्या असतील, तर त्याचेही कर्ण समान असतात. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान, तेव्हाच आयत.

आणि मुलांनो, येत्या रविवारी घरातली खाट मोजा. चार बाजू आणि दोन कर्ण वहीत लिहून आणा. कोणाची खाट आयत आहे आणि कोणाची कललेली, ते सोमवारी फळ्यावर पाहू.