तोडा चुकवू नका

श्रोतेहो, अकोला-अमरावतीकडच्या माणसाला भेंडी लावायला शिकवणं म्हणजे पऱ्हाटी पेरायला शिकवण्यासारखंच. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि भेंडी, दोघी एकाच कुळातल्या. देशी पऱ्हाटीचं पिवळं फूल भेंडीच्या फुलाशेजारी धरा, तळचा जांभळट डागसुद्धा जुळतो. तेव्हा बी रात्रभर भिजवणं वगैरे मी सोडून देतो. परसात दहा झाडं आहेत, ४५-५० दिवस झालेत, असं धरून एकच सांगतो. एक दिवसाआड तोडा.

भेंडीचं झाड म्हणजे दारची शेळी. धार काढत राहिलात की देत राहते. तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात, धार राहिली, की आटली. भेंडीचं तेच. फूल उमलल्यापासून ५-६ दिवसांत शेंग भाजीला येते. ती झाडावरच राहिली तर झाड बी पोसत बसतं, नवं फूल धरायला कुरकुरतं. मग आपण म्हणतो, बियाणंच खराब निघालं! अहो, शेळी तुम्हीच भाकड केली. आणि शेळी निदान ओरडते तरी. भेंडी मुकाट्यानं निबर होते.

गंमत बघा. बाजारात भाजीवाली रागावली तरी आपण शेंडा कटकन मोडून बघतो. परसातली मात्र ‘उद्या आणखी वाढेल’ म्हणून ठेवतो. घरीही मोडून बघा ना! शेंडा नुसता वाकला, तर उशीर झाला.

हाताला जुना मोजा घाला, लव खाजते. ओढू नका, कात्रीनं देठासकट कापा. किडलेली शेंगही काढा. कपाशीतली ठिपक्यांची बोंडअळी भेंडीतही शिरते, आणि आपल्याकडे कुंपणापलीकडे कपाशीच. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा, पांढऱ्या माशीनं आणलेला. ते झाड उपटाच. वाणांत आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘अकोला बहार’ आहे, केवड्याला तोंड देणारा म्हणून ‘परभणी क्रांती’ आला, त्याचं असं झालं की... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण करताहेत.

तर पुन्हा सांगतो, एक दिवसाआड. गावाला निघालात तर फाटकाची किल्ली शेजारच्या काकूंना द्या आणि म्हणा, काकू, भेंडी तोडा आणि तुम्हीच न्या.