पुंज यामिकी आणि परचित्तज्ञान



परमार राजा देवपालाच्या नावाशी जोडलेल्या या देपालपुरात मला निमंत्रण दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मघाशी मंडपात एका गृहस्थांनी मला गाठले. त्यांच्या अनुमतीने सांगतो. त्यांचा मुलगा वर्षापूर्वी घर सोडून गेला, तो अद्याप सापडलेला नाही. कोणी एक 'अंतर्ज्ञानी' म्हणतो, मेंदूतील पुंजलहरींमुळे मुलगा मला दिसतो. पुढील बैठकीस मात्र पैसे लागतील. "शास्त्र हे मानते काय?" असा त्यांचा प्रश्न. योजलेला विषय बाजूस ठेवून त्याचेच उत्तर देतो.

जाणिवेचे मूळ पुंज यामिकीत असावे, असे रॉजर पेनरोज यांनी १९८९ च्या ग्रंथात सुचविले. पुढे भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी पेशींतील सूक्ष्मनलिकांकडे बोट दाखविले. उभयतांचा सिद्धान्त धाडसी खरा; पण तो जाणीव कशी उद्भवते याविषयी आहे, परगावचे दिसण्याविषयी नव्हे. मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली हिशेब मांडला, की मेंदूच्या उबदार, ओलसर द्रव्यात अशी नाजूक अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी टिकेल. मज्जापेशीच्या एका स्पंदनास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. हॅमरॉफपक्षास हा हिशेब मान्य नाही. वाद चालू आहे. दूरस्थ कण परस्परांशी निगडित असतात, हे मात्र प्रयोगसिद्ध आहे. २०२२ चे नोबेल त्या प्रयोगांनाच मिळाले. परंतु केवळ त्या संबंधातून निरोप धाडता येत नाही, हेही तेच शास्त्र सांगते.

पतंजलींनी परचित्तज्ञान विभूतिपादात सांगितले. पण समाधीच्या मार्गात अशा सिद्धींना विघ्नच मानले. त्यांची विक्री करावी, असे कोठेही म्हटलेले नाही!

मग दावा पारखावा कसा? डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची परीक्षा योजिली. ज्योतिष आणि अंतर्ज्ञान एक नव्हेत, पण पारखण्याची रीत तीच. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिष्यास ४० दिल्या. कोणती कोणाची, ते ओळखावयाचे. २७ जणांनी उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही ५० येतात.

त्या अंतर्ज्ञान्यासही एवढेच विचारावे: मुलाचा ठावठिकाणा आज साक्षीदारांसमक्ष लिहून द्या, पैशाची गोष्ट नंतर. गृहस्थांना मी आणखी एक विचारले, पोलिसांत नोंद केली आहे काय? केली आहे, पण सोबत दिलेले छायाचित्र मुलाच्या सहावीतले आहे, आणि मुलगा आता सतरा वर्षांचा. सभा आटोपताच अलीकडचे छायाचित्र घेऊन आम्ही दोघे ठाण्यावर जाणार आहोत.