परदेशची नोकरी आणि व्हिसाचा कागद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. विद्यार्जनाचे महत्त्व या विषयावर आम्ही याच व्यासपीठावरून पूर्वी दोनदा बोललो आहोत व तिसऱ्यांदा तेच ऐकविणे आपल्यावर अन्याय होईल. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने विषय बदलला आहे. अलीकडे आमच्या ओट्यावर येणारे पालक मुलाला कोणत्या शाळेत घालावे असे विचारीत नाहीत. ते म्हणतात, "मास्तर, पोरगं दुबईला निघालंय, कागद तेवढे बघा." आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. इंग्रजी वाचता येते, एवढ्या भांडवलावर आम्ही हे कागद बघत आलो. त्या बघण्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती प्रथम सांगतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते त्या चुकीनेच आम्हांस शिकविले.

परदेशगमन म्हटले की सोलापूरकराच्या ओठी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव येते. ते 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले व 1942 साली तेथेच त्यांनी देह ठेवला. ते सेवेसाठी गेले, आपली मुले पोटासाठी जातात. पोटासाठी जाण्यात कमीपणा नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे पोटासाठीच या गावी आले. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, मागाहून इतर गिरण्या निघाल्या आणि चहूकडून माणसे आली. त्यांना परवाना कोणी विचारला नाही. भोंगा वाजला की कामावर जावयाचे, एवढाच कायदा. आता गिरण्या गेल्या, यंत्रमागाचा भरवसा राहिला नाही, आणि मुले वेल्डिंग, फिटर, वायरमन असे काहीतरी शिकून समुद्रापलीकडे पाहू लागली. तेथे मात्र माणसाआधी त्याचा कागद पोहोचावा लागतो.

आमचा एक विद्यार्थी होता. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. मुलगा दहावी झाला, आयटीआयमधून वेल्डर झाला. 2019 साली दुसऱ्या एका शहरातील दलालाने त्याला दुबईची नोकरी देऊ केली व दीड लाख रुपये मागितले. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि त्या कर्जाला आम्ही जामीन राहिलो. निघण्यापूर्वी वडील कागद घेऊन आमच्याकडे आले. व्हिसाच्या कागदावर 'व्हिजिट' असा शब्द होता. आम्ही तो वाचला नाही असे नव्हे. पस्तीस वर्षे मुलांना शिकविलेला शब्द, व्हिजिट म्हणजे भेट. आम्ही दलालास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "गुरुजी, तिकडे उतरल्यावर कंपनी बदलून घेते, सगळे असेच जातात." सगळे असेच जातात, हे ऐकून आम्ही गप्प बसलो आणि वडिलांना म्हणालो, कागद ठीक आहेत.

मुलगा गेला. एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने दोन महिने काम केले, पगार एकाच महिन्याचा मिळाला, तोही अर्धा. व्हिसा बदलण्याची गोष्ट मालक उद्यावर ढकलीत राहिला. मुदत संपली आणि दिवसागणिक दंड चढू लागला. राहिलेला पगार मागावा तर दाद कोठे मागणार? तो तेथे कामगार नव्हताच, कागदोपत्री पाहुणा होता. पाहुण्याने काम केले हाच उलट अपराध. अखेर दुबईतील आपल्या वकिलातीच्या मदत केंद्राची वाट त्याला कोणी दाखविली. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी सरकारने 2009 साली एक कल्याण निधी उभारला आहे, त्यातून त्याचे तिकीट निघाले व तो परतला. कर्ज वडिलांनी फेडले. जामीनदार म्हणून आम्ही पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाले, "तुमी नुसतं वाचलंत मास्तर, लिवणारा दुसराच हुता." बंधूंनो, हे वाक्य आम्हांस अद्याप नीट झोपू देत नाही.

व्हिसा व्हिसांत भेद आहे. भेटीच्या व्हिसावर पाहावे, फिरावे, नातलगांस भेटावे. फार तर नोकरीची चौकशी करावी. मजुरी करावयाची तर कामाचा व्हिसा हवा. तो ज्या धन्याच्या नावे निघतो ते नाव कागदावर असते आणि बहुधा हुद्दाही असतो. तो हुद्दा जरूर वाचावा. तोंडी वेल्डर म्हणावयाचे आणि कागदावर हमाल लिहावयाचे, हीही एक रीत आहे. पगार आणि तक्रार या दोन्हींचा निवाडा पुढे कागदावरच्या हुद्द्यावरून होतो. व्हिसा तेथे गेल्यावर कधीच बदलून मिळत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण बदलून देणे धन्याच्या मर्जीवर असते, आणि तोवर केलेले काम बेकायदा ठरते. शिवाय अमिरातीत 2016 पासून असा नियम आहे की, नोकरीचा देकार ठराविक नमुन्यात, अरबी व इंग्रजीसोबत कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत लिहून त्याची सही आधी घ्यावी. त्या भाषांत हिंदी आहे. तो कागद मागावा. नाही मिळाला तर बॅग उचलू नये.

आता जे सांगतो ते या सभेतील दहावी झालेल्या मुलांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. आपल्या देशात 1983 चा स्थलांतर कायदा आहे. त्यापूर्वी 1922 चा होता, आणि त्याच्याही मागे मॉरिशसला ऊसमळ्यांवर माणसे नेली जात तेव्हापासूनचे कायदे. ती ने-आण 1834 साली सुरू झाली व तिच्यात मुंबई बंदरातून गेलेली पुष्कळ मराठी माणसे होती. करारपत्रावर अंगठा घेऊन माणूस गलबतात भरण्याचा तो धंदा. त्यावर नजर ठेवण्यास जो अधिकारी नेमीत त्याला 'प्रोटेक्टर', म्हणजे संरक्षक, म्हणत. त्या नावाची कचेरी आजही मुंबईत आहे. जो दहावी झालेला नाही त्याच्या पासपोर्टावर साधारणतः तपासणी आवश्यक असल्याचा शिक्का येतो. अशा माणसास सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीस जावयाचे तर या संरक्षकाची मंजुरी लागते. मंजुरीपूर्वी धनी कोण, करार काय, दलाल परवान्याचा आहे की नाही, हे तपासले जाते. विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांना 275 रुपये भरावयाचे व अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना 10 लाख मिळावयाचे. जो दहावी झाला त्याला हे काहीच लागत नाही.

आपली मुले या शिक्क्यास कमीपणा मानतात. जानेवारी 2018 मध्ये शिक्क्याच्या पासपोर्टांना नारिंगी वेष्टन देण्याचे सरकारने जाहीर केले होते. त्यावर ओरड झाली आणि महिना संपण्यापूर्वी तो बेत सोडून द्यावा लागला. ओरड योग्यच होती. 17 नंबरचा अर्ज भरून दहावी व्हावे आणि पासपोर्ट नवा करून घ्यावा असा सल्ला आम्ही स्वतः कितीकांना दिला आहे, आजही देऊ. परंतु शिक्का गेला की सरकारचा डोळाही जातो, हे मात्र आम्ही कोणास सांगितले नव्हते, कारण ते आमच्याच ध्यानी आले नव्हते. आमचा विद्यार्थी दहावी उत्तीर्ण, म्हणून विमानतळावर त्याचा करार कोणी मागितला नाही. त्याचा मावसभाऊ नववीत शाळा सोडलेला. त्याचे कागद मुंबईच्या कचेरीत तीन महिने फिरत होते व घरचे लोक त्याला हसत होते. तो आज ओमानमध्ये कामावर आहे आणि दरमहा घरी पैसे धाडतो. दोघांनाही आम्हीच शिकविले. शिकलेला फसला आणि न शिकलेला तरला, हे मास्तराला पचावयास कठीण जाते. केवळ शिक्षणाने माणूस सुरक्षित होत नाही, हे सरकारलाही पटलेले दिसते. परिचारिका कितीही शिकलेली असो, या देशांतील नोकरीसाठी तिला 2015 पासून ही मंजुरी लागतेच. मुलींना पाठविणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा दहावी झालेल्या मुलाचे कागद तपासण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे. दलालाच्या परवान्याचा क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येतो. परवानेधारकास पोटदलाल नेमता येत नाहीत, म्हणून गल्लीत हिंडणारा "आमच्या साहेबांचा माणूस" हा कोणाचाच माणूस नसतो. परवानेधारकाने घ्यावयाची फी 30,000 रुपये व त्यावरील कर, याहून अधिक नाही, आणि पावती दिलीच पाहिजे. अमिरातीच्या 2021 च्या कायद्यान्वये तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेणेच निषिद्ध आहे. मग दीड लाख कशाचे? हा प्रश्न 2019 साली आम्ही विचारावयास हवा होता.

जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांताशी आपल्या राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये करार केल्यापासून तिकडचीही चौकशी होते. तेथे आधी भाषा, मग व्हिसा. तो स्वतंत्र विषय आहे, आज वेळ नाही.

अध्यक्षमहाराज, आमची मंडळास एक सूचना आहे. परदेशी जाणाऱ्यांस मंडळाच्या निधीतून प्रवासखर्चासाठी जे कर्ज मिळते ते कामाचा व्हिसा, सही केलेला देकार आणि दलालाचा परवाना हे तीन कागद पाहिल्यावाचून देऊ नये. त्याने पाचपन्नास लोक आमच्यावर रुष्ट होतील. होवोत. कागद पाहण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बसू. आमच्या जोडीला तो परत आलेला विद्यार्थी बसेल. तो आता येथेच एका कारखान्यात वेल्डर आहे. त्यास विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बसतो गुरुजी. पण पहिल्यांदा कागद माझ्या हातात द्यायचा, मग तुमच्या." आम्ही ती अट मान्य केली आहे.

पालकांनी येताना मूळ कागद आणावेत. दलालाने भ्रमणध्वनीवर धाडलेले चित्र चालणार नाही.