धन्य जुझेप्पे तोनिओलो : अध्यापक आणि कुटुंबवत्सल गृहस्थ

(ज्युबिली समारंभांतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मगुरूंचें व व्रतस्थांचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. तथापि आज आम्ही आपणांपुढें एका प्रापंचिक पुरुषाचें चरित्र ठेवूं इच्छितों. त्यानें ना गुरुदीक्षा घेतली, ना मठांत वास केला. तो पगारावर संसार चालविणारा अध्यापक होता, पति होता, सात लेकरांचा पिता होता.

जुझेप्पे तोनिओलो यांचा जन्म इटलींतील त्रेव्हीझो येथें ७ मार्च १८४५ रोजीं झाला. पादुआ विद्यापीठांत त्यांनीं १८६७ सालीं कायद्याची पदवी मिळविली व पुढें अर्थशास्त्राचें अध्यापन पत्करिलें. त्या काळीं पुष्कळ पंडित असें मानीत कीं, बाजाराचे नियम निसर्गनियमांप्रमाणें आपोआप चालतात. नीतीचा तेथें संबंध नाहीं. तोनिओलो यांनीं १८७३ सालच्या आपल्या व्याख्यानांत याच्या उलट प्रतिपादन केलें. नीति ही अर्थशास्त्राला बाहेरून लाविलेली झालर नव्हे; ती त्याच्या नियमांच्या अंतरंगींच वसते, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि तें खरेंच नव्हे काय? धान्याचा भाव ठरतो तशी मजुरी ठरवितां येत नाहीं, कारण धान्याला घरीं वाट पाहणारीं मुलें नसतात.

१८७९ सालीं ते पीसा येथें आले आणि सुमारें चाळीस वर्षें, मरणापर्यंत, त्यांनीं तेथेंच विद्यादान केलें. विद्यापीठ सरकारी होतें. धर्माविषयीं उदासीन असे विद्वान भोंवतीं पुष्कळ होते. तरीही त्यांनीं आपली श्रद्धा झांकली नाहीं, आणि श्रद्धेच्या नांवाखालीं अभ्यासांत कसूरही केली नाहीं. मध्ययुगीन फ्लॉरेन्सच्या आर्थिक उत्कर्षाचीं कारणें त्यांनीं परिश्रमपूर्वक शोधिलीं. १८८९ सालीं त्यांनीं सामाजिक अध्ययनासाठीं कॅथोलिकांचा संघ स्थापिला. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांचें ‘रेरुम नोव्हारुम’ हें विश्वपत्र प्रसिद्ध झालें. त्यांतील शिकवण लोकांपर्यंत नेण्यासाठीं तोनिओलो यांनीं १८९३ सालीं सामाजिक शास्त्रांचें एक नियतकालिक सुरू करण्यांत पुढाकार घेतला. कामकऱ्यास रविवारची विश्रांति मिळावी, कामाचे तास मर्यादित असावे, स्त्रिया व मुलें यांस संरक्षण असावें, यांसाठीं त्यांनीं आपली लेखणी झिजविली.

परंतु विद्वत्तेची खरी परीक्षा उंबरठ्याच्या आंत होते. ४ सप्टेंबर १८७८ रोजीं मरीया स्किराती यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. सात अपत्यांपैकीं कांहीं बालपणींच परमेश्वराघरीं गेलीं. आपल्या हातांनीं लेंकरूं मातींत ठेवणें म्हणजे काय, हें आपल्यांतील कित्येक मातापित्यांस ठाऊक आहे. त्या दुःखानें हें घर मोडलें नाहीं. नित्य प्रार्थनेचा परिपाठ सुटला नाहीं आणि व्याख्यानांच्या व सभांच्या धकाधकींतही पत्नी व मुलें यांना ते अंतरले नाहींत.

७ ऑक्टोबर १९१८ रोजीं पीसा येथें त्यांचें देहावसान झालें. पत्नीच्या गांवीं, प्येव्हे दि सोलिगो येथील मंदिरांत, त्यांचा देह विसांवा घेत आहे. २९ एप्रिल २०१२ रोजीं ख्रिस्तसभेनें त्यांस ‘धन्य’ म्हणून घोषित केलें. साधुसंतांचा सण बहुधा त्यांच्या मरणदिनीं येतो. तोनिओलो यांचा मात्र ४ सप्टेंबरला, म्हणजे त्यांच्या विवाहदिनीं, ठेविला आहे. विवाह हा पावित्र्याचा राजमार्ग आहे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

म्हणून, बंधु-भगिनींनो, या उत्सवाच्या आनंदांत आपण दोन प्रश्न स्वतःस विचारूं या. आपल्या शेतांत, दुकानांत व स्वयंपाकघरांत राबणाऱ्यांस त्यांचें वेतन वेळेवर व न्यायानें मिळतें काय? आणि मंदिरांत पुढच्या बांकावर बसणारे आपण घरीं पत्नीशीं व मुलांशीं प्रेमानें बोलतों काय? या दोहोंचें उत्तर ‘होय’ असें ज्याला देतां येईल, त्याची ज्युबिली खरोखर सफल झाली असें आम्ही समजूं. धन्य जुझेप्पे यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या सर्व कुटुंबांस आशीर्वाद देवो. आमेन.