तेहतीस वर्षांचा फेरा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला तो ‘आपल्या परंपरा’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला माझ्यापेक्षा पांढऱ्या दाढीचा माणूस बघायला हवा होता. माझी अजून काळी आहे, आणि पदरी पदवी बी. ए., बी. एड. तेव्हा विषय जरा कातरून घेतो. शिंप्याचा मुलगा असल्यामुळे कातरणे मला जमते. आमच्या घरापुरतेच बोलतो. कृष्णाकाठच्या गावातले शिंप्याचे घर आमचे. तुमचे घर फारसे वेगळे असेल असे वाटत नाही.

आमच्या घरात माझ्या वयाविषयी दोन मते आहेत. शाळेच्या दाखल्यावर मी १९९१ च्या मार्चअखेरचा. माझ्या दादीच्या हिशेबी मी ‘आठव्या रोज्याचा’. तिच्या लेखी तारीख, महिना, सन ही सरकारची कामे. २०२४ साली माझी तेहतीस वर्षे पूर्ण झाली, त्याच्या जरासे आधी रमजानच्या आठव्या रोज्याला दादीने जाहीर केले की, पोराची चौतीस सरली. मी म्हटले, “दादी, एक वर्ष जास्त धरलंस.” ती म्हणाली, “मेरेकू क्या सांगता रे, चांदकू पूछ.”

मी खरोखरच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चांद्रवर्षाचे दिवस साधारण ३५४, सौरवर्षाचे ३६५. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट. तेहतीस वर्षांत ती साचून एक अख्खे वर्ष होते. म्हणजे दादी बरोबर, दाखलाही बरोबर. गणिताच्या गुरुजींनी हे उदाहरण वर्गात घ्यायला हरकत नाही. पोरे शेकडेवारी विसरतील, पण ईद किती दिवस अलीकडे आली हे विसरणार नाहीत.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांची पंचांगेही चंद्रावरच चालतात, पण तिथे तूट वाढली की अधिक महिना घालून हिशेब जुळवतात. म्हणून दिवाळी कधी पावसाळ्यात गेली नाही आणि होळी कधी थंडीला चुकली नाही. आपल्याकडे अधिक महिना नाही. त्यामुळे आपले सण एका जागी बसत नाहीत, बाराही महिने हिंडतात. पूर्वी दक्षिणेतल्या कारभाऱ्यांना याची मोठी अडचण झाली. शेतसारा घ्यायचा पिकावर, आणि पीक काही चंद्र बघून येत नाही. म्हणून शुहूर सन निघाला. आकड्यांची नावे अरबी, अर्बा, खमस, सीत अशी. पण नवे साल कधी? सूर्य मृग नक्षत्रात गेला की! पेशव्यांच्या दप्तरातल्या मोडी कागदांवर हा सन पानोपानी भेटतो. वर्षाचे नाव अरबी आणि त्याचा पाडवा पेरणीला. मला तरी हा कागद बघितला की आमचीच गल्ली आठवते. असो.

फिरत्या सणांमुळे आमच्या घरात मानाच्या पायऱ्याही ठरल्या आहेत. पहिला रोजा कोणी कोणत्या ऋतूत धरला, त्यावर माणसाची प्रतिष्ठा. दादीचा पहिला रोजा १९५५ च्या भर उन्हाळ्यातला. तिच्यापुढे कोणी बोलायचे नाही. अब्बांचा १९७३ चा, ऑक्टोबर हीटमधला, म्हणजे मधली पायरी. माझा १९९८ च्या डिसेंबरातला. मी सात वर्षांचा. गळ्यात झेंडूची माळ, अंगात नवी शेरवानी (अब्बांनी कुणाच्यातरी लग्नाच्या उरलेल्या कापडातून शिवलेली), गल्लीतून मिरवलो. संध्याकाळी खजूर तोंडात टाकून दादीकडे शाबासकीसाठी बघितले, तर ती म्हणते, “थंडीचा रोजा, त्यात काय! आंघोळ करून कपडे घालेपर्यंत मगरीब झाली.” आपल्या भागात डिसेंबरातला रोजा साडेबारा तासांच्या आत-बाहेर आणि जूनमधला साडेचौदा. फरक दोन तासांचाच, पण दादीला तासांशी देणेघेणे नाही. तहान किती लागली ते सांगा, म्हणते.

पुढे २०१२ पासून पाच-सहा वर्षे रमजान पावसाळ्यात आला. तेव्हा मी कॉलेजात. ढगांतून चांद दिसायचा नाही आणि सगळी गल्ली गच्चीवर छत्र्या घेऊन उभी. २०२० आणि २०२१ ला तो उन्हाळ्यात परत पोचला तेव्हा बाहेर टाळेबंदी. ईदची नमाज घरच्या सोप्यात झाली, अब्बा पुढे आणि आम्ही दोघे भाऊ मागे. गळाभेट नाही, कुणाच्या घरी जाणे नाही. पातेलेभर शीरखुर्मा तिसऱ्या दिवशीपर्यंत आम्हीच संपवत होतो. दादीला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, रोजे नकोत. तिने मौलवीसाहेबांना फोन लावायला सांगितला. तेही तेच म्हणाले, एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्या. दोघांनी आतून ठरवून घेतले असावे, असा तिचा अजून संशय आहे.

मात्र सगळ्यांत लक्षात राहिले ते २००४ साल. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आणि ईद १५ नोव्हेंबरला. शिंप्याच्या घरी याचा अर्थ काय, तो शिंप्याची पोरेच जाणतात. अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात नवे कपडे हवे. अब्बांची दोन्ही मशिने रात्रंदिवस चालू, काजे-बटणांना अम्मी, दोरे काढायला आम्ही. अब्बांचा नियम कडक, आधी गिऱ्हाईक मग घर. त्यामुळे गावभर आमच्या हातचे नवे कपडे आणि आम्ही गेल्या ईदच्या, घोट्याच्या वर आलेल्या पायजम्यात.

पण त्या नोव्हेंबरातली एक पहाट आहे. आमच्या समोर कुलकर्णी मास्तरांसारखेच एक मास्तर राहत, नाव सांगत नाही, ते संकोचतील. नरकचतुर्दशीला त्यांच्या घरी चार वाजता बंब पेटला. आमच्याकडे चार वाजता सहरीची चूल. एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरांतून धूर. मास्तरीणबाई उटणे कालवता कालवता दारातून म्हणाल्या, “वहिनी, तुमच्यामुळं यंदा गजर लावावा लागला नाही.” आणि दिवस उजाडायच्या आत फराळाचे ताट आले. सहरीची वेळ नुकतीच संपलेली. करंज्या, चकल्या समोर, आणि आम्ही दोघे भाऊ सूर्यास्ताची वाट बघत ताटाभोवती दिवसभर पहाऱ्याला. एवढा कडक रोजा मी पुढे भर उन्हाळ्यातही धरलेला नाही.

२००५ आणि २००६ सालीही दिवाळी आणि ईद तीन-चार दिवसांच्या अंतराने आली. अमावास्या दोघांची एकच, दिवाळी तिच्या पोटात आणि ईद तिच्या पाठीवर. मग २००७ ला अधिक ज्येष्ठ आला, दिवाळी महिनाभर पुढे सरकली, आणि दोघींची चुकामूक झाली. २००४ ला अधिक श्रावणानेच त्यांची गाठ घालून दिली होती, हे मला पुढे पंचांग चाळताना कळले. आषाढी एकादशी आणि बकरी ईद २०२२ आणि २०२३ साली एकाच दिवशी आल्या, तेही असेच. पुष्कळ गावांत आपल्या लोकांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, दुसऱ्या दिवशी केली. त्याला कोणी सरकारी परिपत्रक लागले नाही.

शेवयांचे सांगायला हवे. ईद कोणत्याही महिन्यात येवो, आमच्याकडे शेवया वैशाखातच होत. खपली गव्हाचा रवा, पाट, आणि पाटाभोवती गल्लीतल्या बायका. आज आमच्या, उद्या समोरच्यांच्या. बाजेवर धोतर पसरून त्यावर वाळत घालायच्या, आणि कावळे राखायला मुले. वाळल्या की पत्र्याच्या डब्यात, तिथून ईद येईल तेव्हा बाहेर. आता भाजलेल्या शेवयांचे पाकीट दुकानात मिळते. दादी त्याला ‘दोरा’ म्हणते. “तुझ्या अब्बाच्या मशिनीला लाव, तुटणार नाही.” तरी दर उन्हाळ्याला ती किलोभर का होईना, पाटावरच्या करून घेते. २०२५ च्या मे महिन्यात शेवया गच्चीवर घातल्या आणि पाऊस! वळवाचा म्हणावा तर चार दिवस झाले तरी थांबेना, आणि महिना संपायच्या आत मान्सूनच महाराष्ट्रात आला. सगळ्या शेवयांचा लगदा. दादी आभाळाकडे बघून म्हणाली, आजवर आमची ईद हिंडत होती, उन्हाळा आपल्या जागी होता. आता त्यालाही पाय फुटले.

पालकहो, आता जरा तुमच्याकडे वळतो. रमजान फिरत फिरत सध्या परीक्षेच्या दारात आला आहे. २०२५ ला दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि पहिला रोजा २ मार्चला. परीक्षेत रोजा धरावा का, असे मला पालक विचारतात. मी मुफ्ती नाही, मी बी. एड. आहे. ते आपण मौलवीसाहेबांना विचारा. मी झोपेचे तेवढे विचारतो. त्या मार्चमध्ये वर्गात पहिल्या तासाला निम्मी मुले पेंगत होती. मुलगे का पेंगतात ते मला ठाऊक होते. तरावीहनंतर बाजारात फिरून बारा वाजता घरी येतात. मी विचारले, सहरीला घरात सगळ्यांत आधी कोण उठते? मुलींचे हात वर. मुलगे एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, “सर, आमच्यात अम्मी उठते.” त्याची सख्खी बहीण शेजारच्या बाकावरून म्हणाली, “तुला काय माहीत? तुला उठवायला मीच येते.”

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी जाऊन बघितले तर माझ्याच भावाची मुलगी, दहावीची, साडेतीन वाजता परातीपुढे. सकाळी अकरा वाजता पेपर. तिचा चुलतभाऊ, अकरावीचा, पांघरुणात. मी काही बोलायच्या आत दादी बोलली. ती सहसा लांबलचक बोलत नाही. म्हणाली, “छप्पन सालात मी चौथीत होते. एप्रिलात रोजे. माझी आई आजारी, सहरीची भाकरी माझ्याकडे. परीक्षेच्या दिवशी भाकरी थापून झोप लागली ती दुपारी उठले. अब्बा म्हणाले, जाऊ दे, पुढच्या साली. पुढच्या साली कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.” मग तिने पोरीच्या हातातली परात काढून अब्बांपुढे ठेवली.

मंडळी, साठीतला शिंपी पीठ मळतो ते दृश्य बघण्यासारखे असते. भाकरी थापली, ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. अब्बांना ओबडधोबड काम सहन होत नाही. त्यांनी डब्याचे झाकण ठेवले आणि सुरीने कड कापून गोल केली. कातरलेले तुकडे पुन्हा मळात. चौथ्या दिवशी चुलतभावाला उठवून त्यांनी हाताखाली घेतले, जसे दुकानात पोऱ्याला घेतात. भाकऱ्या जाड होत्या, करपत होत्या, पण पोरगी पाचपर्यंत झोपली. पेपर संपेपर्यंत हा क्रम राहिला. मे महिन्यात निकाल लागला, सत्त्याहत्तर टक्के. मार्क तिचे, पण अब्बा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या भाकरीचे सांगतात.

परवा दादीने मला विचारले, हा रमजान परीक्षेच्या वाटेतून बाजूला कधी होणार? मी हिशेब करून सांगितला. २०२८ ला फेब्रुवारीअखेरीपर्यंत संपेल, म्हणजे थोडासाच लागेल. २०२९ ला बोर्डाची परीक्षा मोकळी, पण पूर्वपरीक्षा सापडेल. २०३० ला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा. एका सनात दोनदा. हे ऐकून अब्बांनी मशीन थांबवले आणि विचारले, “दोनदा म्हणजे भाकऱ्याही दोनदा?”

“हौ,” दादी म्हणाली. “तवर गोल जमतील.”