डोक्याचा मार, पियुषिका ग्रंथी आणि मनाचे व्यवहार

डोक्याला जबर मार बसल्यावर मेंदूत झालेला रक्तस्राव सीटी स्कॅनवर दिसतो. पियुषिका ग्रंथीची, म्हणजे पिट्युटरीची, इजा बहुधा दिसत नाही. वाटाण्याएवढी ही ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते आणि एका बारीक देठाने मेंदूतील अधश्चेतकाला जोडलेली असते. आघाताच्या क्षणी मेंदू हलतो, ग्रंथी खोबणीतच राहते. ताण देठावर येतो, आणि तिच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या लांब, नाजूक वाहिन्या याच देठावरून उतरतात. नंतर मेंदूला सूज येते, रक्तदाब कोसळतो, प्राणवायू कमी पडतो. पहिल्या तडाख्यातून वाचलेल्या पेशी या दुसऱ्या फेरीत मरतात. वाढ-संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी ग्रंथीच्या दोन्ही कडांना असतात आणि त्यांची भिस्त या लांब वाहिन्यांवरच असते, म्हणून त्यांना झळ सर्वांत आधी बसते. लैंगिक ग्रंथींना चालना देणाऱ्या पेशीही लवकर निकामी होतात. कॉर्टिसोल आणि थायरॉइडची सूत्रे हलवणाऱ्या पेशी मध्याकडे असल्याने तुलनेने तग धरतात.

अशा रुग्णाचे पहिले वर्णन जर्मनीत १९१८ साली झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके ही दुर्मीळ गोष्ट समजली गेली. २००० नंतर पद्धतशीर तपासण्या सुरू झाल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित आढाव्यात, मेंदूच्या इजेनंतर कालांतराने तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७.५ टक्क्यांमध्ये एक तरी संप्रेरक कमी आढळले. नेदरलँड्समधील २०११ च्या बहुकेंद्री अभ्यासात हेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास निघाले. ही तफावत मुख्यतः चाचण्यांची आणि निकषांची आहे. निकष कडक केले की आकडा खाली येतो. पण लहान आकडाही भारतात लहान राहत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. मृतांमध्ये दुचाकीस्वार सर्वाधिक होते.

अतिदक्षता विभागातील पहिल्या दिवसांत दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात. ग्रंथीचा मागचा भाग दुखावला की लघवी बेसुमार होते आणि रक्तातील सोडियम चढते. काही रुग्णांत उलट घडते, पाणी साचून सोडियम उतरते. दोन्हींत गुंगी, भ्रम, झटके येतात आणि त्याचे खापर मेंदूच्या जखमेवर फुटते. दुसरी गोष्ट कॉर्टिसोलची. रक्तदाब काही केल्या वर येत नसेल, साखर आणि सोडियम घसरत असेल, तर सकाळचे कॉर्टिसोल तपासणे अगत्याचे. तुटवडा भरून काढणारा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस आणि सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडचा भरमसाट मारा यांत मात्र गल्लत होता कामा नये. २००४ साली जाहीर झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यू २१ टक्के, न दिलेल्या गटात १८ टक्के होते.

खरा घोळ रुग्ण घरी गेल्यावर होतो. जखम भरते, रुग्ण चालू-बोलू लागतो आणि घरचे म्हणू लागतात, ‘अपघातानंतर माणूसच बदलला.’ तो दिवसभर पडून राहतो, सांगितलेले विसरतो, हिशेबात चुकतो, चिडतो, माणसांत मिसळत नाही. वाढ-संप्रेरकाच्या अभावाने थकवा, लक्ष न लागणे, उदासी आणि स्मरणाची ढिलाई येते. थायरॉइड कमी पडले की विचार मंदावतो, कॉर्टिसोल कमी पडले की अंगातले त्राण जाते, भूक मरते. टेस्टोस्टेरॉन घटलेल्या पुरुषाची उमेद आणि कामेच्छा ओसरते, पण तो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगत नाही. स्त्रीची पाळी थांबते, तेव्हा ‘धक्का बसला असेल’ म्हणून विषय मिटवला जातो. मुलांची उंची खुंटते, वयात येणे लांबते किंवा अकाली होते.

हीच लक्षणे मेंदूच्या पुढच्या भागाच्या इजेमुळे किंवा नुसत्या नैराश्यानेही होतात, हे खरे आहे. म्हणून संप्रेरके हे एकमेव उत्तर मानणे चूक. पण ती न तपासताच औदासीन्याच्या गोळ्या चालू करणे किंवा रुग्णाला आळशी ठरवणे ही त्याहून मोठी चूक. घोणस चावल्यानंतर किंवा बाळंतपणातील अतिरक्तस्रावानंतर पियुषिका निकामी होते हे भारतातील डॉक्टरांना ठाऊक आहे. त्या रुग्णाला जे प्रश्न विचारले जातात, तेच डोक्याला मार लागलेल्याला विचारावेत, एवढीच मागणी आहे.

तपासणीची वेळ महत्त्वाची आहे. पहिल्या आठवड्यांत आजारपणामुळेच लैंगिक संप्रेरके आणि थायरॉइडचे आकडे खाली येतात. त्यावरून निदान करू नये. तीन ते सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने पाहावे, कारण काहींची ग्रंथी सावरते, तर काहींत नवी उणीव उशिरा उघड होते. सकाळचे कॉर्टिसोल, थायरॉइड, लैंगिक संप्रेरके आणि प्रोलॅक्टिन साध्या रक्ततपासणीत कळतात. वाढ-संप्रेरकासाठी उत्तेजन चाचणी लागते. त्यातील इन्सुलिनची चाचणी साखर मुद्दाम उतरवते, म्हणून फिट येणाऱ्या रुग्णांत ती टाळून ग्लुकागॉनची करतात.

उपचारात क्रम चुकता कामा नये: आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलट केल्यास थायरॉक्सिनने शरीराची कॉर्टिसोलची गरज वाढते आणि रुग्ण अचानक कोसळू शकतो. वाढ-संप्रेरकाचे इंजेक्शन महाग आहे. त्याने स्मरण आणि लक्ष सुधारल्याचे पुरावे लहान अभ्यासांतील आहेत, तेव्हा ते निवडक रुग्णांनाच द्यावे. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याने तसे लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, तापात डोस दुप्पट करावा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठावे. हे त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयातून निघतानाच समजावून सांगावे लागते.